हैबतीने चाललेली शीव

भोरच्या संस्थानात तालुक्यांना किल्ल्यांची नावं होती. रोहिड्याला कागदावर विचित्रगड म्हणत, म्हणून त्याच्या बाजूचा मुलूख विचित्रगड तालुका. तोरण्याला प्रचंडगड म्हणत, म्हणून तो प्रचंडगड तालुका. आणि राजगडाखालचा तो राजगड तालुका. नावं मोठी झोकदार, पण दप्तरातून उठून ती कधी डोंगर चढून वर आली नाहीत. वरच्या माणसाला विचारावं, बाबा, तू कुठला, तर तो नदीचं नाव सांगायचा. वेळवंडीचं ते वेळवंड खोरं, गुंजवणीचं ते गुंजण मावळ, कानंदीचं ते कानद खोरं. पाणी जिकडे उतरतं तिकडचा माणूस, एवढं ते सरळ होतं. कचेरीला सरळ गोष्टी चालत नाहीत, त्याला कोण काय करणार!

हैबती धनगराचं घर विचित्रगड आणि राजगड या दोन तालुक्यांच्या मधल्या डोंगरधारेवर होतं. त्याच्या छपराच्या एका पाखीवरचं पाणी वेळवंडीला जातं आणि दुसऱ्या पाखीवरचं गुंजवणीला, अशी लोक त्याची थट्टा करत. हैबतीला ती थट्टा आवडायची. तसा तो होताच फुशारकीचा. सात-आठ म्हशी, चार गाई, तूप विकायला विंझरच्या बाजूला उतरायचा नाहीतर भोरला, आणि वाटेत कोणी रस्ता विचारला की गडी खूश. एकाला दोन वाटा सांगायचा, वर कोणत्या वाटेला कोणता दगड लागतो तेही सांगायचा. डोंगरावरचा दगडन् दगड त्याच्या ओळखीचा होता, आणि शिवेचे दगड तर घरच्या माणसांसारखे. अलीकडच्या हुंबरवाडीची शीव कुठे संपते आणि पलीकडच्या शेंडखळची कुठे सुरू होते, हे पाटलाला विचारण्यापेक्षा हैबतीला विचारलेलं बरं, असं दोन्ही गावं म्हणत.

त्याला तीन मुलं होऊन गेली होती, चौथी ठकू तेवढी जगली. ती चालायला लागल्यापासून बापाच्या मागे. दुसऱ्या बायका आपल्या पोरींना ओव्या शिकवत, हैबतीने आपल्या पोरीला दगड शिकवले. हा वळणावरचा, हा फुटका, हा वाघजाईच्या अंगाचा. ठकूने तोंडाने ते पाठ म्हणून दाखवले की हैबती बायकोकडे बघून म्हणायचा, "बघ, माझ्या मागारी हीच शीव सांगंल." धोंडाबाई म्हणायची, "पोरीच्या जातीला कशाला शीव? जिकडं दिली तिकडची ती." ती आपली सहज बोलून जायची.

ठकूला लांब द्यायची नाही, हे हैबतीने ठरवूनच टाकलं होतं. भोरकडची, उत्रोलीकडची स्थळं आली, भाताचं रान असलेली आली, त्याने परतवली. शेवटी धारेच्या पलीकडे, शेंडखळच्या धनगरवाड्यात रखमाजीच्या घरी दिली. रखमाजीचा गेनू पोरगा शांत होता, घरात दूधदुभतं होतं, आणि मुख्य म्हणजे हैबतीच्या घराजवळच्या खडकावर उभं राहून हाक मारली तर ठकूची ओ ऐकू यायची. तालुका दुसरा, खोरं दुसरं, पण लेक हाकेवर. धोंडाबाई दर चार दिवसांनी खडकावर जाऊन हाक मारायची, काही काम नसताना.

त्याच सुमाराला भाटघरला धरण झालं. वेळवंड खोऱ्यात पाणी पसरलं आणि नदीकाठची कुरणं, भाताची खाचरं त्याच्या पोटात गेली. हुंबरवाडीची गुरं वर डोंगराकडे वळली. वर धारेवर एकच मोठा माळ, त्याला झऱ्याचं पाणी, उन्हाळ्यातही तिथे हिरवं टिकायचं. आजवर दोन्ही गावची गुरं तिथे चरत आणि कोणी कोणाला विचारत नसे. आता पुरेना, तेव्हा माळ कोणाचा हा प्रश्न निघाला. आधी शिव्या झाल्या, मग काठ्या, मग एकमेकांची गुरं कोंडवाड्यात. मामलेदारापर्यंत कागद गेले. एक गाव एका तालुक्यात, दुसरं दुसऱ्यात, त्यामुळे कागद दोन कचेऱ्यांच्या मध्ये येत-जात राहिले. शेवटी निरोप आला की तूर्त आपसात मिटवा.

आपसात मिटवायची जुनी रीत दोन्ही गावांना ठाऊक होती. एका माणसाने देवीपुढे अंघोळ करून, ओल्या कपड्यानं, डोक्यावर शिवेच्या मातीचं ढेकूळ घेऊन अनवाणी चालायचं. तो चालेल ती शीव. मग पुढच्या दसऱ्यापर्यंत वाट बघायची. तोवर त्याच्या घरात सुतक पडलं, तर तो खोटं चालला आणि शीव फिरली. नाही पडलं, तर शीव खरी आणि पुन्हा वाद नाही.

चालायचं कोणी, यावरही वाद व्हायचा तो झाला नाही. दोन्ही गावांनी हैबतीचं नाव घेतलं. त्याची गुरं इकडे, लेक तिकडे, तो कोणाच्या बाजूने खोटं चालेल? हुंबरवाडीचे बाजी पाटील म्हणाले, रखमाजी म्हणाला, सगळ्यांनी मान डोलावली. दोन तालुक्यांची माणसं आपल्या एकट्यावर विश्वास टाकतायत, या आनंदात हैबतीचे पाय जमिनीला लागेनात.

धोंडाबाईने घरी आल्या आल्या विषय काढला. "न्हाई म्हना."

"का?"

"ठकूला दिवस गेल्यात. पयलं बाळंतपन हितं व्हायाचं. दसऱ्याच्या आत व्हायाचं. तुमास्नी कळतंय का म्या काय म्हनती ते?"

"म्या खोटं चालनार हाय का? खऱ्याला कशाची भीती?"

"खऱ्या मानसाच्या घरात मानूस मरत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "आपली तीन गेली तवा तुमी काय खोटं चालला व्हता?"

हैबती चिडला आणि म्हशींकडे निघून गेला. आयुष्यात त्या बाईने त्याला एवढं शहाणपणाचं दुसरं काही सांगितलं नसेल, आणि नेमकं तेच त्याने ऐकलं नाही.

चैत्र संपता संपता तो शीव चालला. दोन्ही बाजूंना दोन गावं, मध्ये हा एकटा, कपाळावर भंडारा, डोक्यावर ढेकूळ, अंगावरून पाणी गळतंय. बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. वळणावरच्या दगडापासून तो निघाला, फुटक्याला उजवीकडे ठेवून वाघजाईच्या अंगाने वर चढला आणि माळाच्या पलीकडच्या कडेने खाली उतरला. माळ हुंबरवाडीत आला. आजोबाने बापाला आणि बापाने त्याला दाखवली होती तीच वाट तो चालला होता, पावलाचाही फरक त्याने केला नव्हता. इकडच्यांनी हलगी वाजवली. तिकडचे गुमान डोंगर उतरून गेले. रखमाजी तेवढा मागे थांबला, हैबतीने त्याला पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

श्रावण सरत आला तशी धोंडाबाईने बाजेची सुतळी आवळून घेतली, तूप कढवून ठेवलं, जुनी लुगडी धुऊन मऊ केली. पहिलं बाळंतपण आईकडे, ही रीत काही तिने काढली नव्हती. रखमाजीचाही निरोप आला, भांडण भांडणाच्या जागी, पोरीच्या पायाला सूज आहे, तिला घेऊन जा. हैबती दुसऱ्या दिवशी निघणार, तर सकाळीच बाजी पाटील धापा टाकत डोंगर चढून आले. पाटील कधी धनगरवाड्यावर यायचे नाहीत. घोंगडीवर बसले, ताक प्याले, म्हशींची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आले.

"हैबती, पोरीला आनतोयस म्हनं?"

"व्हय पाटील. दिवस भरत आल्यात."

"आन की. कोन नगं म्हनतंय? पर दसरा हुंदे. महिना-सव्वा महिन्याचा तर खेळ हाय." पाटलांनी आवाज खाली आणला. "बाळंतपन म्हंजी बाईचा दुसरा जल्म. द्येव करो आन समदं नीट होवो. पर तुझ्या घरात कमीजास्त झालं, तर ते सुतक तुझं. मंग माळ ग्येला, गावाची गुरं ग्येली, आन तू खोटा ठरलास. तुझा बाप, आजा, समदेच खोटे ठरले."

पाटील हैबतीला नीट ओळखून होते. गुरांसाठी तो कदाचित ऐकता ना, गावासाठीही ऐकता ना. खोटा ठरशील, या एका शब्दाने तो जागच्या जागी बसला. त्याने रखमाजीला निरोप धाडला की दसऱ्यानंतर नेतो.

धोंडाबाई रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी एकटीच निघाली, तर पाटलांची माणसं धारेवर होती. त्यांनी हात लावला नाही, नुसती वाट अडवली. मावशे, दसऱ्यापतूर कळ काढ, म्हणाले.

मग एक दिवस ठकूच वर आली. पाऊस उघडला होता, हैबती माळावर म्हशी घेऊन होता, आणि शिवेच्या दगडाला टेकून कोणीतरी उभं दिसलं. जवळ गेला तर ठकू. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, श्वास पुरत नाही.

"बा, आय कुठं हाय?"

"घरला हाय. तू कशाला एवढा डोंगर चढलीस गं?"

"मला ने की घरला. तिकडं समदी चांगली हायती, पर मला आयजवळ यायचंय."

"दसरा हुंदे ठकू. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी म्या सोता येतो."

ठकूला हसू आलं. आपल्या पोटाकडे बघून म्हणाली, "ह्ये थांबंल व्हय दसऱ्यापतूर?"

दगड त्या दोघांच्या मध्ये होता, गुडघ्याएवढा असेल. पलीकडे हात घालून तिला ओढून घेतली असती तरी चाललं असतं. त्याने काय केलं, तर फडक्यातलं लोणी पळसाच्या पानावर काढून तिच्या हातात दिलं. तिने ते तिथेच उभ्याने खाल्लं, पान दुमडून टाकलं आणि म्हणाली, "आयला सांग, म्या आली व्हती." मग एक हात कमरेवर ठेवून हळूहळू उतरून गेली. हैबतीने हे धोंडाबाईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने पाटलांच्या माणसांना दगड मारून वाट काढली असती.

भाद्रपदात, गौरी जेवल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी, पलीकडच्या धनगरवाड्यातला एक माणूस धारेवर आला. मरणाची वार्ता घेऊन आलेला माणूस उंबऱ्यात येत नाही. त्याने लांबूनच हाक मारली. "हैबतीबाबा, ठकू गेली! पोटातलं बी गेलं! मातीला या!"

धोंडाबाई तशीच धावत सुटली, डोक्यावर पदरही नव्हता. या खेपेला तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. हैबती तिच्यामागे निघाला होता. आधी अंगावर पाणी घ्यायचं म्हणून त्याने रांजणात तांब्या बुडवला, तेवढ्यात बाजी पाटील पोहोचले. अशी बातमी पाटलांपर्यंत किती लवकर जाते बघा. त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"पानी घेऊ नगंस."

"पाटील, माझी पोर..."

"पोर तुझी व्हती. तू ती दिलीस. दिलेली लेक त्या घरची, त्येंचं कूळ, त्येंचं सुतक. आंगावर पानी घेतलंस, मातीला ग्येलास, तर सुतक तुझ्या घरात आलं. दसरा महिन्यावर हाय. गेली ती काय तुझ्या जान्यानं परत येनार हाय?"

बापाला लेकीचं तीन दिवसांचं सुतक असतं, हे पाटलांना ठाऊक होतं आणि हैबतीलाही. तरी तो तांब्या हातात धरून उभा राहिला. जाताना पाटील म्हणाले, "चूल पेटव. शेंडखळकडनं धूर दिसला पायजे." सुतकाच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. हैबतीने चूल पेटवली. ओली लाकडं घातली, म्हणजे धूर जास्त होईल. पलीकडे माणसं ठकूला खांद्यावर घेत असतील आणि धोंडाबाई मान वर करून हा धूर बघत असेल, हे त्याला कळत होतं. धूर डोळ्यांत गेला म्हणून डोळ्यांतून पाणी येतंय असं स्वतःशी म्हणत तो चुलीपुढे बसून राहिला आणि मग उठून त्याने म्हशी पिळल्या.

दसऱ्याला दोन्ही गावं सिलंगणाला शिवेवर आली. हुंबरवाडीने वाजतगाजत आपटा आणला, हैबतीच्या डोक्याला नवं पागोटं बांधलं. एवढ्यात शेंडखळच्या घोळक्यातून रखमाजी पुढे आला. त्याने आवाज चढवला नाही.

"इवाई, येकच इचारतो. ह्या दगडाम्होरं उभं ऱ्हाऊन सांगा. ठकू कुनाची व्हती?"

माझी म्हटलं तर सुतक पडलं, शीव फिरली, माळ गेला, आजापासूनची पिढी खोटी पडली. बाजी पाटील त्याच्याकडे बघत होते. बायकांच्या घोळक्यात धोंडाबाई उभी होती, तीही त्याच्याकडे बघत होती.

"तुमची," हैबती म्हणाला.

रखमाजीने मान हलवली. "बरं," म्हणाला आणि वळला. त्या दिवसापासून माळ हुंबरवाडीचा झाला.

धोंडाबाई त्याला सोडून गेली नाही. जाणार कुठे? भाकरी करायची, ताक घुसळायची, आजारपणात डोकं चेपून द्यायची. फक्त ठकूचं नाव तिने त्याच्यासमोर पुन्हा कधी घेतलं नाही आणि त्याला ते घेऊ दिलं नाही. एकदा तो नुसतं "आपली ठकू असती तर" एवढं म्हणाला, तर ती हातातलं पीठ तसंच टाकून बाहेर गेली आणि दिवस मावळेपर्यंत आली नाही. त्यानंतर त्याने ती हिंमत केली नाही. नवरा-बायको दोघं एकाच घरात आपापली वेगळी ठकू सांभाळत राहिले.

त्याची फुशारकी गेली. कोणी वाट विचारली तर बोटाने दाखवायचा. आणि हळूहळू एक विचार त्याच्या मनात घर करून बसला, की आपण खोटंच चाललो असू. फुटक्या दगडाला डावीकडे ठेवायचं होतं, आपण उजवीकडे ठेवलं असेल. बापाने दाखवलं होतं तेव्हा आपण लहान होतो, चुकलं असेल. तो शिवेवर जाऊन पुन्हा पुन्हा चालून बघायचा आणि दर खेपेला त्याचा गोंधळ वाढायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा पापाला घाबरतो. तसं नव्हतं. आपण खोटं चाललो आणि देवीने पोर नेली, यात निदान एक न्याय होता. आपण खरं चाललो असू, तर मग ठकू कशानं गेली? आपण तिला आणलं नाही म्हणून, दुसरं काही नाही. त्यापेक्षा त्याला आपलं पाप बरं वाटायचं.

सोळा वर्षं अशी गेली. अठ्ठेचाळीस साली भोरचं संस्थान विलीन झालं आणि मुलूख पुणे जिल्ह्यात आला. पाठोपाठ तालुक्यांची नावं बदलली. विचित्रगड तालुका जाऊन भोर तालुका झाला. पलीकडे तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्हे गावात कचेरी बसली, म्हणून तिकडचा मुलूख वेल्हे महाल. किल्ल्यांची नावं किल्ल्यांकडे परत गेली. लोकांना गंमत वाटली. काल राजगडातले म्हणून झोपलो, आज वेल्ह्यातले म्हणून उठलो, अशी चेष्टा चालायची. हैबती मात्र ही गोष्ट ऐकून विचारात पडला. एवढ्या मोठ्या मुलखाची नावं. राजांनी दिलेली, दगडावर कोरल्यासारखी वाटायची. ती जर सरकारला मागे घेता येतात, तर आपण एक शब्द बोललो होतो, तो आपल्याला मागे घेता येणार नाही का?

पुढच्या वर्षी थंडीत मोजणीदार आला. भोर कुठवर आणि वेल्हे कुठून, हे नव्या नकाशावर पक्कं करायचं होतं. पुण्याकडचा तरणा माणूस, साखळी, झेंड्या आणि जुनं दप्तर घेऊन. दप्तरात लिहिलं होतं, माळाबद्दल तंटा, हैबती धनगर शीव चालला, तंटा मिटला. त्याने विचारलं, हे हैबती कोण? हयात आहेत का?

हैबती काठी टेकत पुढे आला. दोन्ही गावं जमली होती. बाजी पाटील खुर्चीवर, दात पडलेले. रखमाजी एका कुशीला वाकलेला, गेनूच्या खांद्याला धरून. गेनूने दुसरं लग्न केलं होतं, त्याची मुलंही आता गुरं राखायला लागली होती.

"बाबा, तुम्ही चाललात ती शीव दाखवता?" मोजणीदाराने विचारलं.

"दावतो. पर ती शीव खोटी हाय."

बाजी पाटील खुर्चीतून अर्धे उठले. "म्हातारा चळलाय, सायेब."

"चळलो न्हाई," हैबती म्हणाला. तो मोजणीदाराकडे बघत नव्हता, रखमाजीकडे बघत होता. "दसऱ्याच्या आत माझ्या घरात सुतक पडलं व्हतं. माझी लेक गेली. म्या आंगावर पानी घेतलं न्हाई, मातीला ग्येलो न्हाई, आन हितंच उभं ऱ्हाऊन म्हनलो, का ती तुमची. ती माझी व्हती. ठकू माझी व्हती. शीव फिरवा, माळ त्येंचा."

इतकं बोलल्यावर त्याच्या तोंडावर एक सुटल्यासारखी कळा आली. सतरा वर्षं जे पाप धरून ठेवलं होतं ते त्याने कबूल केलं होतं, आता माळ जावा, शिक्षा व्हावी, सगळं संपावं.

मोजणीदार चांगला माणूस होता. त्याने टोपी काढली. मग म्हणाला, "बाबा, सुतकाचं मला कागदावर घेता येत नाही. मला जमिनीतली खूण लागते." त्याने गड्यांना सांगितलं आणि त्यांनी फुटक्या दगडाला पहार लावली. शिवेचा दगड सरकारी माणसाशिवाय हलवणं गुन्हा आणि देवीच्या दृष्टीने पाप, म्हणून आजवर कोणी त्याला हात लावला नव्हता. दगड कलंडला. खाली हातभर खोदल्यावर काळी माती लागली, आणि मग कोळसे, मूठभर, आणि खापराचे तुकडे. जुन्या काळी शीव घालताना दगडाखाली कोळसा पुरून ठेवत, कारण कोळसा कुजत नाही. वळणावरच्या दगडाखालीही निघाला. वाघजाईच्या अंगाच्या दगडाखालीही निघाला. तो जिथून जिथून चालला होता, तिथे सगळीकडे.

"शीव बरोबर आहे," मोजणीदार म्हणाला. "तुम्ही तसूभरही चुकला नव्हता, बाबा. त्या वेळी कोणी खणून बघितलं असतं तर चालायची गरजच नव्हती." त्याने हे हैबतीला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

हैबती खड्ड्याच्या कडेला बसला. त्याने एक कोळसा उचलला, तो हाताला काळा लागला. बाजी पाटील मोठ्याने म्हणत होते, बघा, आमी काय सांगत व्हतो. रखमाजी गेनूचा खांदा सोडून हैबतीजवळ आला आणि वाकायला जमत नव्हतं तरी वाकून बसला.

"इवाई," तो म्हणाला, "तू खरा व्हतास. मंग पोरीला न्यायला का न्हाई आलास रे? लई वाट बघितली तिनं. शेवटपतूर दाराकडंच बघत व्हती."

हैबती उठला, माळावरच्या झऱ्याशी गेला आणि सगळ्यांच्या देखत, पागोट्यासकट, नेसल्या कपड्यानं पाण्यात बसला. थंडीचे दिवस होते. डोक्यावरून पाणी घेतलं, पुन्हा घेतलं, आणि निथळत घराकडे चालू लागला. कोणी त्याला अडवलं नाही.

धोंडाबाई अंगणात शेणी थापत होती. अंगावर ओलं, पाय अनवाणी, असा माणूस घराकडे येतो तो कोणाची तरी माती करून. ती उठून उभी राहिली, हाताचं शेण तसंच.

"कोन गेलं?" तिने विचारलं.

तो तिथेच जमिनीवर बसला. मग म्हणाला, "आपली ठकू गेली."

धोंडाबाई त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या दाढीतून पाणी गळत होतं आणि तो लहान पोरासारखा काकडत होता.

"आज कळलं व्हय तुमास्नी?" ती म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला. तिने शेणाचा हात लुगड्याला पुसला, त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर लेकीचं नाव घेऊन रडू लागली.